पहिलं क्रेडिट कार्ड घेताय? फॉर्म भरण्याआधी हा हिशेब करा

क्रेडिट कार्डांची तुलना बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात. कार्ड गोल्ड आहे की प्लॅटिनम हे आधी बघतात, मग लिमिट विचारतात, आणि व्याजाचा विषय निघालाच तर ‘वेळेवर भरलं की व्याज लागतच नाही’ या एका वाक्यावर तो मिटतो. नाशिकच्या कॉलेज रोडला, मॉलच्या दाराशी, पेट्रोल पंपावर टेबल टाकून बसलेली पोरंही याच क्रमाने बोलतात, कारण त्यांच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. कार्ड पुढची पाच-दहा वर्षं वापरायचं आहे ते तुम्हाला. म्हणून इथे क्रम बदलला आहे: आधी स्वतःचा खर्च, मग व्याज, मग लिमिट आणि श्रेणी सगळ्यात शेवटी. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत नुकतीच नोकरी लागलेला, मेन रोडला किंवा सिडकोत छोटं दुकान चालवणारा, निफाड-दिंडोरीकडे द्राक्ष-कांद्याच्या पैशावर घर चालवणारा, अशा माणसांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

पायरी १: तीन महिन्यांचा खर्च कागदावर उतरवा

बँकेचं ॲप उघडा आणि गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा. त्यातला कुठला खर्च खरोखर कार्डावर जाऊ शकतो, त्यावर खूण करा. महावितरणचं बिल, मोबाइल, पाइपच्या गॅसचं बिल, सुपरमार्केटमधला महिन्याचा किराणा, पेट्रोल, विम्याचा हप्ता, ऑनलाइन खरेदी हे बहुधा जातं. घरभाडं, दूध, रिक्षा, भाजी, मोलकरणीचा पगार हे जात नाही. रविवार कारंजावरच्या जुन्या किराणा दुकानात स्वाइप मशीन असेलच असं नाही, पण क्यूआर मात्र असतो. रुपे नेटवर्कचं क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं. मात्र समोरच्याने स्वतःच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर लावला असेल तर ते चालत नाही. भाजीवाल्यांकडे बऱ्याचदा हेच होतं. मित्राला किंवा घरमालकाला क्रेडिट कार्डावरून यूपीआयने पैसे पाठवता येत नाहीत, तेव्हा ती आशा धरू नका.

खुणा केलेल्या रकमांची बेरीज करून तिला तीनने भागा. समजा आकडा बारा हजार आला. पुढच्या प्रत्येक पायरीला हाच आकडा लागणार आहे, तेव्हा तो लिहून ठेवा. आता स्वतःला आणखी एक प्रश्न विचारा आणि उत्तर प्रामाणिकपणे द्या: हे बारा हजार दर महिन्याला, एकही महिना न चुकवता, पूर्ण भरता येतील का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढे वाचा. ‘एखाद-दुसऱ्या महिन्यात मागे-पुढे होईल’ असं असेल तर दुसरी पायरी दोनदा वाचा.

पायरी २: व्याज वर्षाचं बघा, महिन्याचं नको

जाहिरातीत व्याजाचा दर छापतात तो एका महिन्याचा. बिनतारण कार्डांवर तो आज साधारण साडेतीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असतो. आकडा छोटा दिसतो, पण बाराने गुणा: ४२ ते ४५ टक्के वर्षाला. या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४५ टक्क्यांचे प्रत्यक्षात ५३ टक्क्यांच्या वर जातात. कंपनीतल्या कामगार पतपेढीचं कर्ज किंवा सोनेतारण यांच्या कितीतरी पट हे आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं अनुचित ठरवलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे ‘तीसच्या वर घेता येत नाही’ असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

आता व्याज कसं चढतं ते एका उदाहरणातून बघू. तुम्ही १० जूनला कॅनडा कॉर्नरच्या दुकानातून ३०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. कार्डाचं बिल ५ जुलैला निघतं आणि भरायची शेवटची तारीख २५ जुलै. पूर्ण तीस हजार २५ तारखेपर्यंत भरले तर व्याज शून्य. पंचेचाळीस दिवस बँकेचा पैसा फुकट वापरला. पण बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून १,५०० रुपये, म्हणजे पाच टक्के, असंही छापलेलं असतं. तुम्ही तेवढेच भरले. उरले २८,५००.

व्याज २५ जुलैपासून लागेल असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. ते खरेदीच्या तारखेपासून, १० जूनपासून मोजलं जातं. पुढचं बिल ५ ऑगस्टला निघेल तेव्हा ५६ दिवस झालेले असतात. फक्त उरलेल्या रकमेवर, महिना साडेतीन टक्के दराने मोजलं तरी:

२८,५०० × ४२ टक्के × ५६ ÷ ३६५ = सुमारे १,८३६ रुपये व्याज
त्यावर १८ टक्के जीएसटी = सुमारे ३३१ रुपये
एकूण = २,१६७ रुपये

तुम्ही भरले दीड हजार आणि अंगावर चढले एकवीसशे सदुसष्ट. पाच ऑगस्टच्या बिलात बाकी ३०,६६७ दिसेल, म्हणजे फ्रिजच्या किमतीपेक्षा जास्त. पुढच्या किमान रकमेत बँका साधारणपणे हे व्याज आणि कर पूर्ण धरतात आणि वर मुद्दलाचे पाच टक्के लावतात, त्यामुळे दीड हजारांवरून ती एकदम साडेतीन हजारांच्या पुढे जाते. शिवाय मागची बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या किराण्यावरही आजपासूनच व्याज.

हाच हिशेब महिना ३.७५ टक्क्यांनी केला तर २,१६७ ऐवजी सुमारे २,३२२ होतात. फरक दीडशे रुपयांचा. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की दोन बिनतारण कार्डांमधला पाव टक्क्याचा फरक बघत बसण्यात वेळ घालवू नका. पूर्ण बिल भरणाऱ्याला तो कधी लागणारच नाही, आणि जो किमान रक्कम भरत राहणार आहे त्याला दोन्ही दर सारखेच बुडवतील. दराचा आकडा बघायचा तो एवढ्यासाठीच की एखादा महिना चुकला तर किती लागेल हे आधीच ठाऊक असावं.

तुलना करताना खालच्या गोष्टींवर मात्र लक्ष द्या, कारण त्या कार्डागणिक बदलतात आणि एजंट त्या आपणहून सांगत नाही.

एटीएममधून रोख काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज, एकही दिवस फुकट नाही. शिवाय साधारण अडीच टक्के शुल्क, आणि त्यालाही किमान पाचशेच्या आसपासची पायरी असते. दोन हजार रुपये काढायला पाचशे शुल्क, वर जीएसटी. कितीही अडचण असली तरी हे परवडणारं नाही.

उशिराचं शुल्क थकबाकीच्या टप्प्यांनुसार असतं, मोठ्या रकमेला हजार-तेराशेपर्यंत जातं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच हे शुल्क लावता येतं आणि खातं थकीत म्हणून कळवता येतं. तीन दिवसांची ही सवलत अडचणीसाठी ठेवा, सवयीसाठी नको.

परकीय चलनातल्या खर्चावर बरीच कार्डं साडेतीन टक्के आणि वर जीएसटी घेतात. मुलगी परदेशात शिकत असेल किंवा परदेशी संकेतस्थळावरून काही मागवत असाल तर हा आकडा बघा, नाहीतर सोडून द्या.

‘नो कॉस्ट ईएमआय’ (बिनव्याजी म्हणून दिलेले हप्ते) घेताना प्रोसेसिंग शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी किती, एवढे दोन आकडे विचारा. दुकानदार रोखीवर किती सूट देतो हेही विचारा. मेन रोडला आणि सराफ बाजाराच्या आसपास अजूनही रोखीचा भाव वेगळा निघतो.

हे सगळं कुठे सापडतं? प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर ‘अत्यंत महत्त्वाच्या अटी व शर्ती’ नावाचं कागदपत्र असतं. वार्षिक दर, व्याज मोजायचं उदाहरण आणि सगळी शुल्कं त्यात द्यावीच लागतात. अर्जासोबत एक पानाचं मुख्य माहितीपत्रकही देणं बँकेला बंधनकारक आहे. एजंटने ते दिलं नाही तर मागा. ‘नंतर मेल करतो’ म्हणाला तर सहीही नंतरच करा.

पायरी ३: लिमिट किती हवी

माझा भाचा गेल्या वर्षी अंबडच्या एका कारखान्यात लागला, हातात बत्तीस हजार. त्याच्यापुढे दोन ऑफर आल्या. एका कार्डाची लिमिट चाळीस हजार, दुसऱ्याची दीड लाख, आणि दोन्ही पहिल्या वर्षी फुकट. तो म्हणाला, “मामा, दीड लाखवालंच घेतो ना, नाहीतर अचानक दवाखाना निघाला तर?”

मी म्हटलं, “दवाखान्याचे दीड लाख भरशील, बरोबर. पण पंचवीस दिवसांनी ते कुठून आणशील ते सांग.”

तो गप्प बसला. मग आम्ही कागद घेतला. बत्तीस हजारांतून घरी आईला, गाडीचा हप्ता आणि स्वतःचा खर्च जाऊन त्याच्याकडे महिन्याला सहा-सात हजार उरत होते. कार्डावर चाळीस हजारांचा बोजा झाला तर तो फेडायला त्याला अर्ध्या वर्षाहून जास्त लागलं असतं. दीड लाखांचा बोजा दोन वर्षांतही फिटला नसता, कारण वाचवलेले बहुतेक पैसे व्याजातच गेले असते. त्याने चाळीसवालं घेतलं आणि कंपनीच्या ग्रुप विम्यात आईचं नाव घातलं आहे की नाही ते दुसऱ्याच दिवशी एचआरला विचारलं. दवाखान्याची सोय विम्याने आणि बाजूला ठेवलेल्या पैशाने करायची असते. लिमिट हे कर्ज आहे, बचत नाही.

पण लिमिट फार कमी असूनही चालत नाही, आणि हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. तुम्ही लिमिटच्या किती टक्के वापरता हे क्रेडिट स्कोअरमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून बँका बघतात त्या गुणांत, मोजलं जातं. साधारण तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवावा असं मानतात. पहिल्या पायरीतले तुमचे बारा हजार आठवा. चाळीस हजारांच्या लिमिटवर ते बरोबर तीस टक्के होतात. वीस हजारांच्या लिमिटवर तोच खर्च साठ टक्के, आणि तुम्ही प्रत्येक बिल वेळेवर भरत असूनही पैशाच्या ओढीत असल्यासारखे दिसता. म्हणजे महिन्याच्या कार्डखर्चाच्या तीन-साडेतीन पट लिमिट हवी, आणि पहिल्या वर्षी ती हातात येणाऱ्या पगाराच्या दुपटीच्या वर नसावी. या दोन आकड्यांच्या मध्ये जे बसेल ते घ्या. बँकेने जास्त दिली तर कमी करून मागता येते. ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही, तेव्हा ‘आपण पात्र आहात, ओके दाबा’ असे मेसेज आले तर घाईने बोट लावू नका.

दोन बारीक गोष्टी. मोठी वस्तू ईएमआयवर घेतली की लिमिटमधला तेवढा भाग अडकतो आणि हप्ते जातील तसा सुटतो. आणि एकाच बँकेची दोन कार्डं असली तर लिमिट बहुधा दोघांत मिळून एकच असते, दुप्पट होत नाही.

पायरी ४: स्वतःचा स्कोअर स्वतः आधी बघा

ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार संस्था आपल्याकडे पत-अहवाल ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. तीनशे ते नऊशेच्या मापात साडेसातशेच्या पुढे असाल तर सहसा अडत नाही. याआधी कुठलंच कर्ज घेतलं नसेल तर स्कोअरच नसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, मात्र अशा वेळी पगार ज्या बँकेत येतो तिच्याकडेच आधी विचारा.

अहवालात जुना दुचाकीचा हप्ता बंद होऊनही चालू दिसत असेल, किंवा तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसत असेल, तर अर्ज थांबवा आणि दुरुस्ती मागा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे.

एकाच आठवड्यात चार बँकांकडे अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जागणिक बँक तुमचा अहवाल मागवते, त्याची नोंद राहते, आणि पाचव्या बँकेला ‘हा माणूस सगळीकडे मागत फिरतोय’ असं दिसतं.

पायरी ५: आता श्रेणी

कार्डावर दोन प्रकारची नावं असतात. एक नेटवर्कची: व्हिसाचं प्लॅटिनम, सिग्नेचर, इन्फिनिट, मास्टरकार्डचं टायटॅनियम, वर्ल्ड, रुपेचं प्लॅटिनम, सिलेक्ट. दुसरं बँकेने ठेवलेलं नाव, ते काहीही असू शकतं. एका बँकेचं प्लॅटिनम तिचं सगळ्यात साधं कार्ड असतं, दुसरीचं मधलं. तेव्हा दोन बँकांची प्लॅटिनम शेजारी ठेवून काहीच कळत नाही. श्रेणी ओळखायची ती वार्षिक शुल्कावरून. ढोबळ मानाने आजीवन मोफत ते पाचशे रुपये ही सुरुवातीची पायरी, हजार ते तीन हजार मधली, आणि पाच-दहा हजार किंवा त्याहून पुढे वरची. या प्रत्येक आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरा: ४९९ रुपयांच्या कार्डाला खिशातून ५८८ रुपये ८२ पैसे जातात.

मग परतावा टक्क्यांत काढा. समजा दर दीडशे रुपयांना दोन पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत पंचवीस पैसे. म्हणजे दीडशेवर पन्नास पैसे, सुमारे ०.३३ टक्के. तुमचा वर्षाचा कार्डखर्च एक लाख ४४ हजार, त्यावर मिळाले ४८० रुपये. शुल्क ५८९. तुम्ही शंभरेक रुपये पदरचे घातले. आणि पेट्रोल, वॉलेट, सरकारी भरणा यांवर बऱ्याच कार्डांना पॉइंटच नसतात, तेव्हा ४८० हा आकडाही वरचाच धरा. थेट कॅशबॅक देणारं आजीवन मोफत कार्ड अशा खर्चाला सरळ सरस ठरतं. ‘वर्षाला दोन लाख खर्च केला की शुल्क माफ’ ही अट तुमच्या एक लाख ४४ हजारांना लागूच पडत नाही, आणि सहाशे रुपये वाचवण्यासाठी छप्पन हजारांची जास्तीची खरेदी कोणी करू नये.

वरच्या श्रेणीची खरी किंमत बहुतेकदा विमानतळाच्या लाउंजमध्ये (बसण्या-खाण्याच्या खास कक्षात), हॉटेलांत आणि परकीय चलनाच्या कमी शुल्कात असते. नाशिकचा माणूस मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने जातो, नाहीतर गाडीने कसारा घाट उतरतो. वर्षातून किती वेळा विमानात बसता ते मोजा. दोनदा बसत असाल तर लाउंजसाठी तीन हजारांचं कार्ड घेणं म्हणजे एका जेवणाचे दीड हजार मोजणं. कंपनीच्या कामाने दर महिन्याला बंगळूरु-दिल्ली करणाऱ्याला तेच कार्ड चोख परवडतं. मात्र लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च झालेला असावा अशी अट आता बऱ्याच बँका घालतात. ती वाचून घ्या.

नाशिक-मुंबई, नाशिक-पुणे सतत गाडीने ये-जा असेल तर इंधनावरच्या एक टक्का अधिभाराची माफी कामाची. पण तिलाही किमान-कमाल व्यवहाराची आणि महिन्याच्या एकूण माफीची मर्यादा असते. दुचाकीत तीनशेचं पेट्रोल टाकणाऱ्याला ती सहसा मिळतच नाही, कारण बऱ्याच कार्डांवर ती चारशेच्या व्यवहारापासून सुरू होते.

एक हक्क फार कमी लोक वापरतात. ६ सप्टेंबर २०२४ पासून मोठ्या कार्ड-बँकांना नवं कार्ड देताना नेटवर्क निवडायची मुभा ग्राहकाला द्यावी लागते. तुमचा खर्च मुख्यतः दुकानांच्या क्यूआरवर असेल तर रुपे मागा. परदेश प्रवास असेल तर व्हिसा किंवा मास्टरकार्ड.

ज्यांना पगाराची स्लिप नाही

हा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण नाशिक जिल्ह्यात असा माणूस घरोघरी आहे आणि कार्डावरचे लेख त्याला विसरून लिहिलेले असतात.

नाशिकरोडच्या प्रेसमधला किंवा ओझरच्या एचएएलमधला कायम नोकरदार तीन महिन्यांच्या स्लिपा दाखवतो आणि मोकळा होतो. दुकानदाराला साधारण दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात. शेतकऱ्याचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्र भरलेलं नसतं, आणि बागेत वीस लाखांची द्राक्षं निघाली तरी बँकेच्या फॉर्मवर उत्पन्नाचा रकाना रिकामाच राहतो. वर काही बँका ठरावीक पिनकोडांपलीकडे कार्ड देतच नाहीत. शहरात मिळालेलं कार्ड गावच्या पत्त्यावर नाकारलं जातं ते यामुळे.

यावर सरळ मार्ग म्हणजे मुदतठेवीवरचं कार्ड. बँकेत एफडी करायची, तिच्या साधारण ७५ ते १०० टक्के लिमिटचं कार्ड मिळतं. एफडीवर व्याज चालूच राहतं, उत्पन्नाचा पुरावा बहुधा मागत नाहीत, कार्डावरचा व्याजदर अनेकदा बिनतारण कार्डापेक्षा कमी असतो, आणि वेळेवर भरलेलं प्रत्येक बिल पत-अहवालात जमा होतं. स्कोअर नसलेल्या तरुणालाही मी हेच सुचवतो. बिल थकवलं तर बँक एफडी मोडून पैसे वळते करते, एवढं ध्यानात असू द्या.

पण त्याआधी पैशाची चाल बघा. द्राक्षाचा पैसा साधारण जानेवारी ते एप्रिलच्या तोडणीत येतो. उन्हाळ कांदा चाळीत ठेवून भाव बघून विकायचा, म्हणजे तोही हप्त्याहप्त्याने. कार्डाचं बिल मात्र जुलै-ऑगस्टसारख्या हातात पैसा नसलेल्या महिन्यांतही तीस दिवसांनी येणारच. घरखर्चाचे पाच-सात हजार कार्डावर घ्यायला हरकत नाही. औषधं, खतं, मजुरी यांतलं काहीही कार्डावर टाकू नका. किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांनी आणि वेळेत फेडलं तर व्याज सवलतीमुळे चार टक्क्यांनी पडतं. नावात क्रेडिट कार्ड दोन्हीकडे आहे, पण एकीकडे चार टक्के आणि दुसरीकडे बेचाळीस. बाग छाटणीला आली आणि हाताशी पैसा नाही, अशा वेळी हे दोन आकडे घरात सगळ्यांना माहीत असले पाहिजेत.

पायरी ६: अर्ज

दोनच कार्डं निवडा आणि एका कागदावर समोरासमोर लिहा: शुल्क जीएसटीसह, माफीची अट, वार्षिक व्याजदर, तुमच्या खर्चावरचा परतावा रुपयांत. मग त्यातल्या एकाच बँकेकडे अर्ज करा. पॅन, आधार, स्लिपा किंवा विवरणपत्र आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट हाताशी ठेवा. शक्यतो बँकेच्या ॲपवरून किंवा शाखेत जाऊन भरा. एजंटकडून भरलाच तर उत्पन्नाच्या रकान्यात त्याने आकडा फुगवून लिहिला नाही ना, हे सही करण्याआधी वाचा. ओटीपी त्याला तोंडी सांगू नका, स्वतः टाका.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागता येतं. ते मिळाल्याशिवाय दुसरीकडे धावू नका. दोन-तीन महिने थांबून, कारण दूर करून मग अर्ज करा. न मागता कार्ड घरी आलं तर ते चालू करू नका. मागणीशिवाय कार्ड पाठवायला बँकेला मनाई आहे आणि त्यावर शुल्क लावलं तर ते परत करून वर दुप्पट दंड द्यावा लागतो. बाकी कशाचीही तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

कार्ड हातात आल्यावर

पहिल्याच दिवशी ॲपमध्ये जाऊन ऑटो-पे लावा, आणि तिथे ‘किमान रक्कम’ ऐवजी ‘एकूण रक्कम’ निवडा. बऱ्याच ठिकाणी हे दोन पर्याय एकाखाली एक असतात आणि चुकीचा निवडला तर वरचं फ्रिजचं उदाहरण तुमच्याच घरी घडेल. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंदच राहू द्या. ऑनलाइन व्यवहार हवे तेव्हाच चालू करा आणि एका व्यवहाराची कमाल मर्यादा ठरवून टाका.

मग बिलाची तारीख. अंबड-सातपूरच्या बऱ्याच कारखान्यांत पगार सात ते दहा तारखेला होतो. बिल भरायची शेवटची तारीख पाच असेल तर दर महिन्याला खातं नेमकं रिकामं असताना पैसे कापायला येतील. बिलाचं चक्र किमान एकदा बदलून मागायचा हक्क तुम्हाला आहे. शेवटची तारीख पगारानंतर तीन-चार दिवसांनी येईल अशी मागून घ्या. तारीख बदलल्यानंतरचं पहिलं बिल नीट बघा. चक्र सरकताना ते नेहमीपेक्षा जास्त दिवसांचं, म्हणून जास्त रकमेचं येऊ शकतं. तेवढे पैसे खात्यात आहेत ना, हे ऑटो-पेच्या दोन दिवस आधी तपासा.